उदिनेच्या छतावरचा सुरा: तिएपोलोचं 'इसहाकाचं बलिदान' इतकं प्रसन्न का दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलाकडे युरोपात गेला असताना तुम्ही व्हेनिसहून आगगाडीने उदिनेला गेलात आणि तिथल्या आर्चबिशपच्या वाड्यात अठराव्या शतकातल्या व्हेनिसच्या जांबात्तिस्ता तिएपोलो या चित्रकाराची भित्तिचित्रं पाहिलीत. छतावर म्हातारा बाप पोटच्या पोराचा बळी द्यायला सुरा घेऊन उभा, आणि रंग मात्र कोवळ्या उन्हासारखे. तुम्ही लिहिलंय, की चिलया बाळाची गोष्ट ऐकताना आजही घशाशी आवंढा येतो, इथे मात्र तसं काहीच झालं नाही. चित्रकाराला प्रसंगाचं गांभीर्य कळलंच नाही, की रोकोको, म्हणजे त्या काळची ती नाजूक, नटवी शैली, ही नुसती सजावट? शिवाय दोन उपप्रश्न: हे अजिंठ्यासारखंच फ्रेस्को आहे का, आणि भिंतीवरच्या त्या बोळक्या म्हातारीची अशी थट्टा का केली आहे?

मी सत्तावीस वर्षं जुन्या भिंतींवरची चित्रं जपण्याचं काम करतोय. वाडे, देवळं, गोव्याकडचे दोन-तीन चर्च असा माझा पसारा. त्यामुळे उत्तराची सुरुवात चुन्यापासून करणार आहे. कंटाळा येईल असं वाटलं तरी हा भाग सोडू नका, कारण तुमच्या मुख्य प्रश्नाचं निम्मं उत्तर गिलाव्यातच आहे.

आधी अजिंठा. नाही, तो खऱ्या अर्थाने फ्रेस्को नाही, जरी शाळेच्या पुस्तकापासून गाइडपर्यंत सगळे तसं म्हणत असले तरी. अजिंठ्याला खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे रंगाला भिंतीशी धरून ठेवतो तो डिंक. उदिनेचं काम मात्र खरं फ्रेस्को; तिथे रंगात फक्त पाणी आहे. रंग ओल्या चुन्यावर लावायचा. चुना वाळता वाळता हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याची पुन्हा चुनखडी होते आणि त्या पारदर्शक सायीत रंगाचे कण कायमचे अडकतात. आपल्याकडे याच्या जवळची पद्धत हवी असेल तर राजस्थानातली आराइश पाहा. (एक गंमत म्हणून सांगतो: १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राजवटीने अजिंठ्याची डागडुजी करायला बोलावलेले चेचोनी आणि ओर्सिनी हे दोघंही इटालियनच. पोपडे चिकटवायला त्यांनी लाख वापरली. चित्रं टिकली, पण लाख काळी-पिवळी पडत गेली आणि ती काढण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षं गेली.)

आता ओल्या चुन्याच्या कामात होतं काय, ते पाहू. गवंडी सकाळी जेवढा भाग आज रंगवून होईल तेवढ्याच भागावर शेवटचा बारीक थर चढवतो. आपले गवंडी ज्याला नीरू म्हणतात, त्याच जातीचा. तो थर रंग घेतो साधारण सहा ते आठ तास; हवा कोरडी असेल तर त्याहून कमी. मग न रंगवलेला भाग कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे नवा गिलावा. इटालियन लोक या तुकड्याला 'जोर्नाता' म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. चूक झाली तर खोडरबर नाही. गिलावा खरवडा आणि पुन्हा घाला. शिकत असताना मी एकदा कळी नीट न विरवताच चुना वापरला होता. रंगवून झालं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि पंधरा दिवसांनी माझ्या निळ्या आकाशात पटापट खळगे पडले. आत राहिलेले खडे उशिरा फुलले होते. तेव्हापासून चुन्याशी मी घाई करत नाही.

चुन्याची रंगांशी जी सोयरीक असते ती फार चिकित्सक. पिवळ्या-तांबड्या माती चालतात, हिरवी माती चालते, निळी काच कुटून केलेला रंग चालतो, काजळी चालते. तैलचित्रातला शिसाचा पांढरा मात्र भिंतीवर काळा पडतो. म्हणून पांढरा म्हणजे खुद्द चुनाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओलं असताना गडद दिसणारा रंग वाळल्यावर कितीतरी फिका होतो. रंगवताना जी भिंत आषाढातली वाटते ती महिन्याभराने वैशाखात जाते. तैलरंगात थरावर थर देऊन जी खोल, दमट काळोखी आणता येते, ती इथे येत नाही. बरेच चित्रकार या गोष्टीशी भांडत राहिले. काळोख हवाच म्हणून वाळलेल्या भिंतीवर वरून रंग लावायचे आणि पन्नास वर्षांत ते पोपडे होऊन गळायचे. तिएपोलो भांडला नाही. चुना जे सहज देतो तेच त्याने मागितलं: उजेड.

त्याला काळोख जमत नव्हता असं मात्र समजू नका. १७२२ साली, म्हणजे उदिनेच्या चारच वर्षं आधी, व्हेनिसच्या सान स्ताए चर्चसाठी त्याने संत बार्थोलोम्यूच्या हौतात्म्याचं तैलचित्र केलं. जिवंत सोलल्या जाणाऱ्या माणसाचं. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीतून तिरपी पडलेली गोरी काया, ताणलेला हात, आणि सुरीवाल्याची शांत मग्नता. ते पाहून तुम्हाला नक्की आवंढा आला असता. तेव्हा वयाच्या तिशीत उदिनेला आलेला हा माणूस भय काय असतं हे जाणून होता. १७२६ ते १७२९ या काळात त्याने इथे जे केलं ते समजून-उमजून केलं.

काय केलं ते बघायला बायबलचा उत्पत्ति ग्रंथ, अध्याय बावीस, डोळ्यांसमोर ठेवा. देव अब्राहामाला सांगतो, तुझा एकुलता एक, तुझा लाडका इसहाक याला मोरियाच्या डोंगरावर होमबली म्हणून दे. तीन दिवसांची वाट. लाकडं मुलाच्याच पाठीवर. मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठंय? वेदी रचली जाते, मुलाला बांधलं जातं, सुरा उचलला जातो आणि आकाशातून हाक येते: अब्राहामा, अब्राहामा! झुडपात शिंगं अडकलेला एक एडका दिसतो, आणि मुलाच्या जागी त्याचा बळी दिला जातो.

इथे तुमची चिलया बाळाची तुलना उपयोगी पडते, पण उलट्या बाजूने. आपल्या गोष्टीत सुरी थांबत नाही. चांगुणेला पोराचं मस्तक उखळात कांडावं लागतं, तेही डोळ्यांतून टिपूस न काढता, गाणं म्हणत. सुटका नंतर येते, शंकर प्रसन्न झाल्यावर. त्यामुळे त्या गोष्टीचा गाभा यातना सोसण्यात आहे. अब्राहामाच्या गोष्टीत रक्त सांडतच नाही, एडक्याचं सोडून. तिचा गाभा आहे तो वरून आलेला अडथळा. हात उचलला गेलाय आणि कोणीतरी मध्येच बोललंय, तो एक श्वास.

हा श्वास कसा दाखवायचा यावर चित्रकारांच्या पिढ्या झटल्या. काराव्हाज्जोने १६०३च्या सुमारास देवदूताला माणसासारखा शेजारी आणून उभा केला. तो अब्राहामाचं मनगट घट्ट धरतो आणि खाली दाबलेल्या पोराचं तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं आहे. रेम्ब्राँने १६३५ साली अब्राहामाचा पंजा मुलाच्या अख्ख्या चेहऱ्यावर ठेवला आणि सुरा हातातून निसटून हवेत पडताना दाखवला. दोन्ही चित्रं छातीवर बसतात. दोन्ही तैलरंगातली आहेत, डोळ्यांच्या उंचीवर टांगून जवळून बघण्यासाठी.

तिएपोलोचं चित्र तुमच्या डोक्यावर आहे. हा फरक पुस्तकातल्या किंवा फोनमधल्या फोटोत पूर्ण मरतो. छतावर त्याने खालून वर पाहिल्यासारखी आकृत्यांची ठेवण केली आहे: खडकाची कड, वेदी, त्यावरची माणसं, आणि त्यांच्या पलीकडे आकाश. म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात? डोंगराच्या पायथ्याशी. गोष्टीत पायथ्याशी गाढव घेऊन थांबलेले दोन चाकर आहेत, ज्यांना वर काय चाललंय ते माहीत नाही. चित्रकाराने तुम्हाला जवळपास त्यांच्या जागी उभं केलंय, फक्त तुम्हाला वरचं दिसतंय. आणि खालून बघणाऱ्याला आधी काय दिसणार? आकाश आणि त्यातून येणारा देवदूत. म्हणून चित्रात उजेड इतका आहे. तो उजेड म्हणजेच हाक. शब्द रंगवता येत नाहीत. अंगावर आलेला प्रकाश रंगवता येतो. काळ्या पार्श्वभूमीवर हे झालं असतं तर तुम्ही सुऱ्याकडे बघत राहिला असता.

तुम्हाला भय वाटलं नाही ही तक्रार मला पटते. आवंढा यावा म्हणून हे चित्र केलेलंच नाही. आणि हेही मान्य करतो की चित्र अचूक जागी आणि अचूक अंतरावरून पाहिलं तरी रेम्ब्राँइतकं ते आत रुतत नाही. पण त्याला नुसती सजावट म्हणायला मी तयार नाही. ('रोकोको' हा शब्दसुद्धा नंतरच्या पिढीने हिणवण्यासाठी काढलेला आहे. आपण रोकोको चित्रकार आहोत हे तिएपोलोला मरेपर्यंत कळलं नाही.)

तुम्ही बहुधा जिना भरभर चढून आलात, कारण जिन्यावरच्या छताचा उल्लेखच तुमच्या पत्रात नाही. तिथे १७२६ साली केलेलं बंडखोर देवदूतांचं पतन आहे. देवाच्या बाजूचा मुख्य देवदूत मीखाएल तलवार घेऊन वर, आणि स्वर्गातून हाकललेले देवदूत एकमेकांवर कोसळत खाली. खाली म्हणजे कुठे, तर जिना चढणाऱ्या पाहुण्याच्या डोक्यावर. काही अवयव चौकटीच्या कडेवरून चक्क बाहेर आले आहेत. कल्पना करा: अठराव्या शतकातला एखादा सरदार धर्माधिकाऱ्याकडे काही मागायला आलाय, पायऱ्या चढतोय, आणि गर्विष्ठांची रांग त्याच्या दिशेने पडतेय. ज्याने तो जिना बांधून घेतला त्याला ही गंमत नक्की कळत होती. या बंडाची कथा मराठीला परकी नाही, बरं का. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात ती ओवीत आली आहे, आणि ते पुराण गोव्यात राशोलला १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे तिएपोलोच्या जन्माआधी ऐंशी वर्षं.

जिन्यावर पतन, मग पाहुण्यांच्या दालनात अब्राहाम-याकोबाच्या कथा, आणि जिथे धर्माधिकाऱ्याचा न्यायनिवाडा चाले त्या लाल खोलीच्या छतावर शलमोनाचा न्याय, तिथेही एका बाळावर उगारलेली तलवार. हा क्रम आपोआप आलेला नाही. चित्रं करवून घेणारा दिओनिसिओ दोल्फिन हा अक्विलेयाचा पॅट्रिआर्क होता. हे पद जुनं आणि मानाचं, पण त्याच्या अखत्यारीतला बराच मुलूख ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या राज्यात आणि बाकीचा व्हेनिसच्या प्रजासत्ताकात. व्हिएन्नाला हे पद मोडायचं होतं. आता बघा, पॅट्रिआर्क म्हणजे चर्चमधलं पद, आणि अब्राहाम, इसहाक, याकोब या आदिपुरुषांनाही तोच शब्द. दालनातली चित्रं वारस कोण आणि आशीर्वाद कोणाला या प्रश्नाभोवती फिरतात: मूल होणार असं ऐकणारी अब्राहामाची बायको सारा, वाळवंटात काढून दिलेली त्याची दासी हागार, शिडीचं स्वप्न पाहणारा इसहाकाचा मुलगा याकोब, बापाच्या घरातल्या मूर्ती चोरून त्यांवर बसून राहिलेली याकोबाची बायको राहेल. हा सगळा वारसाहक्काचा दावा आहे, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. उपयोग मात्र झाला नाही. १७५१ साली पोपने ते पद मोडलं आणि उदिने व गोरित्सिया अशा दोन वाटण्या केल्या. दावा छतावर राहिला.

इसहाकाचं बलिदान या दालनाच्या छताच्या मधोमध का आहे ते आता लक्षात येईल. तो सुरा खाली आला असता तर वंशच संपला असता. भिंतीवरचं याकोब आणि राहेलचं चित्र अस्तित्वातच आलं नसतं. म्हणजे चित्रातला ताण एका चौकटीत मावणारा नाही. तो छत आणि भिंत यांच्यामध्ये आहे, आणि तुम्ही मान खाली-वर करत दालनातून चालता तेव्हा जाणवतो.

आता ती म्हातारी. ती सारा. थट्टा आहेच, पण मूळ गोष्टीतच आहे. तीन पाहुणे येऊन अब्राहामाला सांगतात की तुझ्या बायकोला मुलगा होईल. ती तंबूच्या दाराआडून ऐकते आणि हसते, कारण ती नव्वदीला टेकलेली आहे. इसहाक या नावाचा अर्थच 'तो हसतो'. तिएपोलोने तिला खोपटापुढे गुडघ्यावर बसवलंय, तोंडात दात जवळजवळ नाहीत, आणि अंगावर मात्र त्याच्याही काळाच्या दीडएकशे वर्षं आधीचा भरजरी पोशाख, गळ्याशी उभी चुणीदार कॉलर. ही फॅशन त्याने सोळाव्या शतकातल्या वेरोनेसे या चित्रकाराच्या चित्रांतून उचलली. समोर उभा देवदूत तिच्या मानाने इतका देखणा आणि नटवा आहे की मला दरवेळी नाटक कंपनीतला स्त्रीपार्टी आठवतो. आजीच्या तोंडावर अविश्वास आहे, थोडी लाजही आहे, आणि आशाही. बोळकं तोंड झाकलं असतं तर चमत्कार कसला राहिला असता? बाकी देवदूत खास साराला वेगळा भेटायला येतो असं मूळ ग्रंथात नाही, ही जागा चित्रकाराने स्वतः काढली. माझ्या मते सगळ्या दालनातलं सर्वात हळवं चित्र हेच. आणि लक्षात घ्या, छतावर ज्याच्यावर सुरा उचलला आहे तो याच बाईचा हा मुलगा. भिंतीवर तिचं हसू बघायचं आणि मग मान वर करायची. तुमचा राहिलेला आवंढा कदाचित तिथे सापडेल.

नाटक कंपनीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या दालनातले रंगवलेले खांब, चौकटी, नक्षी हे तिएपोलोचं काम नाही. ते जेरोलामो मेंगोत्सी कोलोनाचं, आणि तो रंगभूमीचे पडदे रंगवणारा माणूस होता. दोघांनी पुढे अनेक वर्षं जोडीने काम केलं. एकाने रंगमंच बांधायचा, दुसऱ्याने पात्रं आणायची.

तिएपोलोच्या हाताला वेग अफाट होता. १७३६ साली तेसिन नावाच्या स्वीडिश मुत्सद्द्याने लिहून ठेवलंय, की दुसऱ्याला रंग वाटायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात हा चित्र पुरं करतो. कामाच्या भाषेत याचा अर्थ असा, की ओल्या गिलाव्याच्या सहा तासांत तो इतरांपेक्षा जास्त जागा व्यापू शके. जोड कमी, म्हणून आकाश सलग. त्या आकाशाची मोकळीक ही वेगाचीही देणगी आहे. अर्थात थंडीत हे काम बंद. गारठ्यात चुना दगा देतो. पुढे १७५० ते १७५३ मध्ये जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला तो अवाढव्य छतावर काम करत होता तेव्हाही हिवाळ्यात फ्रेस्को थांबवून तैलचित्रं करायचा.

फ्रेस्को भिंतीबरोबर जगतं आणि भिंतीबरोबर जातं. व्हेनिसच्या रेल्वे स्टेशनशेजारी स्काल्त्सी चर्च आहे; तुम्ही उदिनेची गाडी पकडलीत तेव्हा त्याच्यासमोरून गेला असाल. तिथल्या छतावर तिएपोलोने लोरेतोच्या पवित्र घराचं स्थलांतर, म्हणजे देवदूतांनी मरियमेचं घर उचलून इटलीतल्या लोरेतोला नेल्याची आख्यायिका, रंगवलं होतं. २४ ऑक्टोबर १९१५ रोजी ऑस्ट्रियन विमानाचा बॉम्ब पडला आणि छत गेलं. काही तुकडे व्हेनिसच्या अकादमीत ठेवले आहेत. उदिने तेव्हा इटालियन सैन्याचं मुख्य ठाणं होतं, १९१७ साली शत्रूच्या हाती पडलं, तरी तिथली चित्रं वाचली. मी स्काल्त्सीत उभा राहून वर बघतो तेव्हा मला उदिनेचं छत आठवतं आणि जरा धास्ती वाटते, इतकंच.

पुन्हा जाणं झालं तर एवढं करा. फोन खिशात ठेवा. जिन्याच्या तळाशी थांबा, आणि पतनाकडे बघत, कठड्याला धरून, सावकाश चढा. दालनात खिडकीकडे पाठ करून आधी साराच्या भिंतीसमोर पाच मिनिटं घालवा. मग मधोमध या. मान दुखत असेल तर पर्समधला छोटा आरसा छातीशी आडवा धरा, परदेशात कोणी हसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असेल तर भिंतीवर, आकृत्यांच्या कडेने जाणाऱ्या बारीक रेषा शोधा, जणू पदराची शिवण. एका रेषेच्या आत एका दिवसाचं काम आहे. ती बोटाने चाचपायचा मोह होईल. हात लावू नका.